न उतरणारं विमान

आमच्या विमानाची अडचण उडण्याची नव्हती. उडायचं ते छान. अडचण एवढीच होती की ते खाली यायला तयार नसायचं. विमानदुरुस्तीच्या या धंद्यात कसा आलास, असं कुणी विचारलं की मी काहीतरी पोक्त उत्तर देतो, आणि दिल्यावर दिवसभर मन खात बसतं, कारण ते खोटं असतं. खरं उत्तर असं की एका उन्हाळ्यात मी आणि बाळू थर्माकोलचं एक विमान खाली आणायला शिकत होतो, आणि माझ्या वडिलांनी माझं पुढचं सगळं त्या विमानाच्या उतरण्यावर टांगून ठेवलं होतं.

तेव्हा आम्ही मोशीत तात्यांच्या घरामागच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत भाड्यानं राहायचो. तात्या म्हणजे आमचे घरमालक. शेती थोडी आणि बैलांचं वेड भरपूर. बाळू त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर डिप्लोमाला. आम्ही मूळचे परभणीकडचे. मोशीत येऊन आम्हाला इतकी वर्षं झाली होती की मी इथल्याच शाळेत शिकून मोठा झालो, पण तात्या माझ्या वडिलांना शेवटपर्यंत ‘पाव्हणं’च म्हणायचे. त्यात माया होती, आणि तुम्ही आज ना उद्या परत जाणार आहात अशी एक आठवणही होती. आमचा पत्रा सकाळी उन्हानं तापला की टण् टण् वाजायचा आणि संध्याकाळी निवताना परत वाजायचा. त्या आवाजावर आई चुलीवरची आमटी उतरवायची. येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ, घालून केलेली ती काळपट आमटी आणि ज्वारीची भाकरी. तात्यांच्या घरातून मासवडीचा वास आला की मला आमच्या आमटीचा कंटाळा यायचा, आणि कंटाळा आला म्हणून लगेच वाईट वाटायचं. माझा स्वभावच तसा आहे. चालताना दाराला धक्का लागला तर मी दाराची माफी मागतो. माझी बायको म्हणते, जन्मताना तू डॉक्टरला सॉरी म्हणाला असशील.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते भोसरीतल्या एका कंपनीत होते. कंपनीवर त्यांची जी श्रद्धा होती तशी मी देवळातही कुणाची पाहिलेली नाही. “कंपनीत कॅन्टीन आहे, न्यायला-आणायला बस आहे, दिवाळीला बोनस आहे,” ते म्हणायचे, “विमानाला काय आहे?” त्यांनी साहेबांशी बोलून माझ्यासाठी अप्रेंटिसची जागा ठरवून ठेवली होती. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. मला मात्र विमानदुरुस्तीचा कोर्स करायचा होता, दूरच्या शहरात, तिथंच राहून. ते मी आईला सांगितलं होतं, आईनं अण्णांना सांगितलं होतं आणि अण्णांनी ऐकलंच नाही असं दाखवलं होतं. घरात त्या विषयाभोवती सगळे असे फिरायचे, जसं अंगणात कुणी झोपलेलं असावं.

कॉलेजात मॉडेल विमानांचा नाद असलेले एक सर होते. त्यांनी त्यांचा जुना रिमोट आम्हाला वापरायला दिला. बिनइंजिनाचं, घारीसारखं तरंगणारं विमान आम्ही बांधलं. थर्माकोलचे लांबलचक पंख, बांबूची कामटी, भरपूर टेप. बाळू नायलॉनची दोरी धरून वाऱ्याच्या तोंडावर पळत सुटायचा, विमान पतंगासारखं वर चढायचं, मग दोरीची कडी आपसूक निसटायची आणि ते मोकळं. पहिल्याच दिवशी ते इतकं सुंदर तरंगलं की बाळूनं मला मिठी मारली. मग मी ते उतरवायला घेतलं. गुडघ्याच्या उंचीपर्यंत आलं आणि तिथून पुढं येईना. जमिनीलगत पंखाखाली हवेची जणू गादी तयार होते, आणि लांब पंखाचं हलकं विमान त्या गादीवर पसरून बसतं. आमचं तसंच शेत ओलांडून गेलं, बांध ओलांडून गेलं, तात्यांच्या अंगणात शिरलं आणि काकूंनी बाजेवर धोतर पसरून वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन एकदाचं विसावलं.

काकू म्हणजे तात्यांची बायको. त्या बाहेर आल्या, त्यांनी कुरडयांकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“व्हय रं, येवढं आभाळ मोकळं हाय,” त्या म्हणाल्या, “आन् तुला माझ्याच कुरडया घावल्या?”

“काकू, ते थांबेना.”

“थांबंना म्हंजी? बिरेक न्हाई व्हय त्याला?”

पहिली शिफ्ट करून आलेले अण्णा नळावर तोंड धूत होते. ओल्या तोंडानंच ते आले, काकूंपुढं हात जोडून उभे राहिले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या विमानासाठी अण्णा कुणाची माफी मागत होते! तात्या मध्ये पडले. “ऱ्हाऊ द्या ओ पाव्हणं. पोरगं हुशार हाय. त्याच्या इमानाला कासरा न्हाई, येवढंच.” त्या मोडक्या कुरडया पुढं वर्षभर प्रत्येक सणाला तळून वाटीत घालून काकू आमच्याकडे पाठवायच्या. प्रेमानंच पाठवायच्या, पण मला तो प्रत्येक तुकडा गिळताना त्रास व्हायचा. आणि चवीला त्या फार छान असायच्या, त्याचाही त्रास व्हायचा.

रात्री जेवताना अण्णांनी विषय काढला. “उडवायलास ते दिसलं मला. उतरवता येतंय का?”

मी ताटाकडे बघत राहिलो.

“मी दाखवीन तिथं, काही न मोडता, एकदा उतरवून दाखव. उतरलं तर जा तुझ्या कोर्सला, मी आडवा येणार नाही. नाही उतरलं तर पुढच्या महिन्यात मुकाट्यानं कंपनी.”

“अहो, असं कुठं असतंय?” आई म्हणाली. “लेकराचं शिक्षण हाय का तमाशा?”

“त्यालाच विचार,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी आमटी ओरपली.

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पळत सरांकडे गेलो. मी त्यांना सांगितलं की मी विमानाचं नाक खाली दाबतो, तरी ते उतरत नाही. सर हसले. म्हणाले, नाक दाबलंस की त्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की पंख त्याला आणखी उचलतो. मग ते उतरेल कसं? त्याला खाली ढकलू नकोस, त्याची उचल काढून घे. पंखाच्या पाठीवरून वारा कसा गुळगुळीत, पंखाला चिकटून जातो ते त्यांनी वहीचा कागद वाकवून दाखवलं. तो तसा चिकटून जातो म्हणून पंखाच्या वरचा दाब कमी होतो आणि पंख उचलला जातो. आता त्या पाठीवर मध्येच एक पट्टी उभी केली तर? त्यांनी कागदावर बोट आडवं धरलं. वारा ठेचकाळतो, पंखापासून सुटतो, त्याचे भोवरे होतात. तेवढ्या भागाची उचल जाते आणि वर वाऱ्याचा अडथळा होतो तो वेगळाच. याला स्पॉयलर म्हणतात, सर म्हणाले. मोठ्या विमानाला उंचावरून लवकर खाली यायचं असेल आणि वेग वाढू द्यायचा नसेल, तेव्हा पायलट याच पट्ट्या थोड्या उचलतो.

“स्पॉयलर म्हंजी गाडीच्या डिकीवरचा?” बाळूनं विचारलं. त्याला अख्ख्या जगात फक्त गाड्या समजायच्या. (आज चाकणला त्याचं मोठं गॅरेज आहे, आणि मी गेलो की तो गिऱ्हाइकांना सांगतो, “ह्यो इमानाचा मेकॅनिक, पर मोटारसायकल नीट चालवता येत न्हाई.”) सर म्हणाले, नातं तेच. गाडीलाही वेगात उचल नको असते.

स्पॉयलरला हलकी पण ताठ पट्टी हवी होती. बाळूच्या चुलतभावाच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या, जाड, चकचकीत. गणपतीवर कात्री चालवायला माझा हात धजेना, म्हणून गणपतीचा भाग बाजूला ठेवून आम्ही खालचा मजकूर कापला. त्यामुळे डाव्या पंखावरची पट्टी उघडली की ‘आपले नम्र’ दिसायचं आणि उजवीवर ‘कृपया आहेर आणू नये’. रिमोटवर इंजिनासाठी असलेली काडी आमच्या बिनइंजिनाच्या विमानात रिकामीच होती. त्या काडीनं हलणारी छोटी मोटर विमानात बसवली, तिला दोरा बांधला, दोऱ्याला दोन फाटे फोडले. काडी ओढली की दोन्ही पट्ट्या उभ्या, सोडली की रबरानं पुन्हा आडव्या.

पहिल्या चाचणीत डाव्या फाट्याची गाठ सुटली. नुसतं ‘कृपया आहेर आणू नये’ तेवढं उभं राहिलं. उजव्या पंखाची उचल गेली, डाव्याची होती तशीच राहिली, आणि विमान उजवीकडे कलंडून वळलं ते थेट तात्यांच्या नव्या खोंडावर. खोंड शेपटी वर करून पळालं, त्याच्यामागं तात्या पळाले, तात्यांच्या मागं बाळू.

“भावा, म्होरं बघून चालव की रं!” तात्या लांबूनच ओरडले. “खोंड भ्यालं तर यंदा शर्यतीला घाटात पळंल का?”

मी खोंडाचीही माफी मागितली. सरांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, मोठी विमानं हेच मुद्दाम करतात. वळताना एकाच बाजूची पट्टी थोडी उचलतात, तो पंख खाली जातो, वळायला मदत होते. तुम्ही चुकून बरोबर केलंत.

दुसऱ्या चाचणीत गाठी पक्क्या होत्या, पण मी घाबरून फार वर असतानाच पट्ट्या पूर्ण उघडल्या. विमान नारळासारखं खाली आलं. पंख जोडायला एक रात्र गेली आणि त्या रात्री मला कळलं की ही काडी म्हणजे नळाची तोटी आहे. विमान जास्त उंच, जास्त लांब जायला लागलं की उघडायची. कमी पडतंय वाटलं की मिटायची. विमान आपण पाडायचं नाही, त्याला थोडं थोडं खाली बोलवायचं. त्यानंतर मी रोज संध्याकाळी तेच केलं. झोपेतही माझा अंगठा हलायचा म्हणे. आईनं घाबरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

मोशीच्या बाहेर बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट आहे. चढाची लांब सरळ धावपट्टीच ती. गाडे खालून सुटतात आणि माथ्यावर निशाणापर्यंत पळतात. निशाणापलीकडे सपाट मैदान आहे, तिथं बैल धरायला माणसं उभी असतात. उधळत आलेल्या बैलांना समोरून जाऊन धरायचं म्हणजे छातीचं काम. तात्या ते मिसरूड फुटल्यापासून करत होते. जत्रा सोडली तर घाट वर्षभर रिकामा असे, आसपास तारा नाहीत, खांब नाहीत. अण्णांनी तीच जागा ठरवली. आणि दिवस ठरवला गुरुवारचा, कारण आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. सगळ्या जगाचा रविवार आमच्यासाठी कामाचा दिवस असे.

आम्ही पोचलो तर घाटावर माणसं! बाळूनं गुपचूप राहायचं म्हणून फक्त दोघांना सांगितलं होतं. तात्या पांढरी टोपी घालून, जत्रेत घालतात तसा धुतलेला सदरा घालून निशाणापाशी उभे. काकू आणि आई सावलीला बसलेल्या, मध्ये गूळ-शेंगदाण्यांचा डबा. अण्णांनी पिशवीतून चुन्याची फक्की काढली आणि निशाणाच्या पलीकडे सपाटीवर चौकोन आखला. आमच्या घरातल्या बाजेएवढा, तसूभरही जास्त नाही.

“ह्यात,” अण्णा म्हणाले. “बाहेर नाही.”

“पाव्हणं, थोडं सैल सोडा की,” तात्या म्हणाले.

“ह्यात,” अण्णा म्हणाले.

वारा माथ्याकडून समोर येत होता. बाळू पळाला, विमान चढलं, कडी निसटली. मी एक मोठा फेरा घेऊन त्याला घाटाच्या पायथ्याशी नेलं आणि चढाच्या रेघेवर वळवलं. जिथून गाडे येतात तिथूनच ते यायला लागलं. विमान उंच होतं, म्हणून मी काडी अर्धी ओढली. पट्ट्या उभ्या राहिल्या आणि ते नाक न खुपसता, वेग न वाढवता, जिना उतरावा तसं खाली येऊ लागलं. मध्येच कमी पडेल असं वाटलं. मिटल्या. ते तरंगलं. पुन्हा उघडल्या. आणि विमान घाटाच्या निम्म्यावर आल्याबरोबर तिथं उभ्या असलेल्या माणसांना राहवेना. जन्मभर त्या जागी त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती. कुणीतरी टोपी उडवली, कुणीतरी शिट्टी मारली, आणि दोन्ही बाजूंनी आरोळी उठली, “आली आली आली! भिर्र्र्र!” शर्यतीत जो जोरात तो जिंकतो. माझं विमान जितकं हळू येईल तितकं मला हवं होतं, आणि अख्खा घाट त्याला पळवत होता.

विमानाला अर्थातच ऐकू येत नव्हतं. ते निशाणावरून शांतपणे सरकलं. मी काडी पूर्ण ओढली. ‘आपले नम्र’ आणि ‘कृपया आहेर आणू नये’ ताठ उभे. चौकोनाची अलीकडची रेघ ओलांडली, खाली वीतभर अंतर उरलं, आणि मला कळलं की जमलं. त्याच क्षणी तात्या समोरून झेपावले आणि त्यांनी दोन्ही हातांनी विमान मधोमध गच्च धरलं.

तात्या चौकोनात वाकून उभे, हातात विमान, जमिनीपासून वीतभर वर. ते स्वतःच्या हातांकडे असे बघत होते जसे ते दुसऱ्याचेच असावेत. “हात ग्येला, राव,” ते म्हणाले. “आपसूक ग्येला. समूरनं आलं की धरायचं, येवढंच ठावं हाय बघा.”

“आवं, त्यो काय बैल हाय का?” काकू सावलीतून ओरडल्या.

“उतरलंच की!” बाळू धावत आला. “अण्णा, चौकोनात हाय! सगळ्यांनी बघितलं! व्हय का न्हाई रं?” चारही बाजूंनी ‘व्हय व्हय’ झालं. आई उठून उभी राहिली होती.

अण्णांनी कुणाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. “टेकलं होतं का?”

एक शब्द बोलायचा होता. सगळं गाव माझ्या बाजूनं होतं. “नाही,” मी म्हणालो. “टेकायचं राहिलं होतं.”

बाळूनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. अण्णांनी मान हलवली आणि चौकोनापाशी येऊन वाकून पाहू लागले. तात्या बिचारे तसेच ओणवे. अण्णांनी उघड्या पट्टीला बोट लावलं. ते विमान कसं चालतं याबद्दल त्यांनी आजवर मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

“हे काय उभं राहिलं मघाशी?”

मी सांगितलं. सांगायला लागलो तर थांबेना. वारा कसा सुटतो, उचल कशी जाते, सगळं. “आणि अण्णा, मोठ्या विमानात याच्याशिवाय ब्रेकच नीट लागत नाही. चाकं टेकतात, पण वेग असतो तोवर पंख उचलतच असतो. वजन पंखावरच असतं, चाकांवर नसतं. मग ब्रेक दाबला तरी चाक नुसतं घसरतं. टेकल्या टेकल्या ह्या पट्ट्या उभ्या राहतात, पंखाची उचल जाते, सगळं वजन चाकांवर बसतं. मग ब्रेक धरतो.”

(आजही विमानात मी पंखाच्या मागची खिडकी मागून घेतो. चाकं टेकली की पंखाच्या पाठीवर ती रांग खाडकन उभी राहते आणि शेजारचा नवखा प्रवासी हमखास माझा हात धरतो, “अहो, पंख फाटला!” मी त्याला समजावतो. पण अण्णांना समजावलं तसं पुन्हा कुणाला समजावणं मला जमलं नाही.)

“म्हणजे टेकलं तरी उतरलेलं नसतं,” अण्णा म्हणाले.

“नाही. वजन खाली आलं की उतरलं.”

“मग आत्ता ह्याचं वजन कुणावर आहे?”

“तात्यांच्या हातावर.”

तात्या कण्हले. “पाव्हणं, कंबर ग्येली माझी. काय त्ये ठरवा.”

अण्णा दोन पावलं मागं सरले. विमानाकडे पाहिलं, चुन्याच्या रेघांकडे पाहिलं. समोरून वारा चांगलाच होता. पट्ट्या मिटलेल्या असत्या तर तेवढ्या वाऱ्यावरही ते हलकं धूड उचललं गेलं असतं आणि घसरत रेघेबाहेर गेलं असतं. माझा अंगठा अजून काडीवर होता, मागं ओढलेला, दुखायला लागलेला.

“तात्या,” अण्णा म्हणाले, “सोडा.”

तात्यांनी हात काढले. विमान सरळ खाली बसलं. उसळलं नाही, सरकलं नाही, पंखसुद्धा थरथरला नाही. थोडासा चुना उडून थर्माकोलवर बसला.

“उतरलं,” अण्णा म्हणाले.

हातातून सोडलेलं विमान म्हणजे उतरवलेलं नव्हे, हे मला तिथंच बोलायचं होतं. मी तोंड उघडलं. बाळूनं माझ्या पायावर स्वतःचा पाय ठेवला आणि सगळा भार त्यावर टाकला.

अण्णा फक्कीच्या पिशवीला गाठ मारत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, “कधी निघायचंय तुला?”